१२ टक्क्यांत १६ आणि १२ टक्क्यांतच ५७: मग कुठली निवडणूक पद्धत बरी?

नोव्हेंबर २०२४ चा विधानसभेचा निकाल घ्या. काँग्रेसला राज्यात १२.४२ टक्के मतं पडली, शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के, म्हणजे काँग्रेस केसभर पुढेच. जागा किती? काँग्रेस १६, शिवसेना ५७. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्क्यांत १० आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९ टक्क्यांत ४१.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की अहो शिंदेसेना कमी जागांवर लढली होती, काँग्रेस जास्त, आणि आघाडी असली की मित्रपक्षाची मतं भलत्याच्या खात्यात दिसतात. बरोबर आहे. मग पक्ष सोडा, आघाडी धरून बघू. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांची मिळून साधारण ४८ टक्के मतं आणि २८८ पैकी २३० जागा, मविआच्या तिघांची पावणेचौतीस टक्क्यांच्या आसपास आणि जागा ४६. ज्यांना हा अन्याय वाटतोय त्यांनी जरा सहा महिने मागे जावं. लोकसभेला महाराष्ट्रात मविआला साधारण ४४ टक्के, महायुतीला ४३ च्या आसपास, आणि जागा ३० विरुद्ध १७ (उरलेली एक सांगलीची, अपक्ष). एका टक्क्याच्या फरकात तेरा जागांचं अंतर, तेव्हा मविआवाल्यांपैकी कुणी पद्धतीबद्दल बोललं नाही आणि आता महायुतीवाले बोलणार नाहीत, ते चालायचंच. मशीनवरचा वाद इथे नको, मतं पडली तशीच मोजली गेली असं धरूनच पुढचं सगळं लिहितोय.

हे लिहितोय ते अशा माणसासाठी ज्याला स्वतःपुरतं ठरवायचंय की पद्धत बदलावी का, बदलायची तर कुठली आणि कुठे आधी. कारण "प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणा", म्हणजे जितके टक्के मतं तितक्या जागा, असं म्हणणारे बरेच भेटतात पण त्यात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. एक मात्र आधीच सांगून टाकतो, प्रत्येक पद्धतीत कुणाची ना कुणाची मतं कचऱ्यात जातात. आपण ठरवायचं ते एवढंच की कुणाची गेलेली चालतील, आणि त्याच्या बदल्यात काय हवंय.

आत्ता आहे ती: ज्याला जास्त मतं तो जिंकला

हिचं कौतुक आधी करू कारण ते कुणी करत नाही. मतदाराला एका वाक्यात कळते. मोजणी दुपारपर्यंत संपते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नळाला पाणी नसलं, दाखला अडला, पोरग्याची बदली करायची असली तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं हे पक्कं ठाऊक असतं. "आपला आमदार" ही आपल्याकडे फार खरी गोष्ट आहे. दिल्ली-मुंबईत बसून पद्धतींवर लेख लिहिणाऱ्यांना तिची किंमत कळत नाही असं माझं मत.

दुसरी चांगली बाजू, सरकार घालवता येतं. पाच टक्के मतं इकडची तिकडे झाली की सत्ता पालटते.

आता खर्चाची बाजू. २०१४ ला भाजपला देशात ३१ टक्के मतं आणि ५४३ पैकी २८२ जागा, म्हणजे एकट्याचं बहुमत. त्याच निवडणुकीत बसपाला चार टक्क्यांच्या वर मतं होती, मतांच्या हिशोबात देशातला तिसरा पक्ष, आणि जागा शून्य. एकही नाही. ब्रिटनमध्ये २०२४ ला लेबरला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा, रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्क्यांत ५ आणि लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२.२ टक्क्यांत ७२. कारण लिबरल डेमोक्रॅट्सची मतं ठरावीक मतदारसंघांत गोळा झालेली होती आणि रिफॉर्मची देशभर पसरलेली. या पद्धतीत मतं किती यापेक्षा मतं कुठे हे जास्त महत्त्वाचं. सगळीकडे दुसरा किंवा तिसरा येणारा पक्ष मेला. आपल्याकडे वंचित, मनसे यांचं दुखणं हेच. विधानसभेला २०२४ मध्ये दोघांनाही शून्य.

आणि मग ती "मतं खाल्ली" ची भाषा. बी टीम, पाडायला उभा केला, नावसाधर्म्याचा उमेदवार, हे सगळं याच पद्धतीचं पीक. साताऱ्यात लोकसभेला शशिकांत शिंदे साधारण ३२ हजार ७०० मतांनी पडले आणि तिथे ट्रम्पेट चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं होती, शिंदेंच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. ती सगळी मतं चुकून गेली असं छातीठोक कोण सांगणार, पण एवढा मोठा निकाल अशा गोष्टीवर लोंबकळू शकतो हे खरंच. मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. उरलेल्या साडेचार लाखांच्या वर लोकांनी अमोल कीर्तिकरांना मत दिलं होतं, त्यांच्या मताचं त्या निकालात पुढे काहीच झालं नाही.

मतदारसंघ लहान केले तर प्रश्न सुटेल असं काहींना वाटतं, त्यांनी गोवा बघावा. चाळीस मतदारसंघ, एकेकात तीस हजारांच्या आतबाहेर मतदार, आमदार घरच्या लग्नाला येणारच. तरी २०२२ ला भाजपला एक तृतीयांश मतांवर बरोबर निम्म्या, २० जागा. लहान केल्याने आमदार जवळ आला पण गणित तेच राहिलं.

श्रीलंकेचा किस्सा मला या बाबतीत सगळ्यात बोलका वाटतो. १९७७ ला तिथे हीच पद्धत होती, यूएनपी या पक्षाला साधारण ५१ टक्के मतं आणि १६८ पैकी १४० जागा. श्रीलंका फ्रीडम पार्टीला जवळजवळ ३० टक्के मतं आणि जागा ८. आठ! विरोधी पक्षनेतेपद गेलं सहा-सात टक्के मतंवाल्या तमिळ पक्षाकडे, कारण त्यांची मतं उत्तरेत एकगठ्ठा होती. त्या प्रचंड बहुमतावर यूएनपीच्या जयवर्धने सरकारने नवी राज्यघटना आणली, नंतर १९८२ मध्ये सार्वमत घेऊन त्याच संसदेची मुदतही वाढवून घेतली. आणि गंमत म्हणजे प्रमाणशीर पद्धत आणली ती पण त्यांनीच, १९७८ च्या घटनेत.

एकच जागा, पण पसंतीक्रम: ऑस्ट्रेलिया

मतदारसंघ तसाच, आमदार एकच, फक्त मतदार नावांपुढे १, २, ३ लिहितो. पन्नास टक्क्यांच्या वर कुणी नसेल तर शेवटचा बाद आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बाकीच्यांना. ऑस्ट्रेलियात खालच्या सभागृहासाठी हे १९१८ पासून आहे.

फायदा सरळ आहे, मतविभाजनाचा प्रश्न जातो. दोन सेना, दोन राष्ट्रवादी, मनसे, सगळे उभे राहू देत, मतदार म्हणेल पहिला हा आणि तो नाही तर तो. "अमक्याला मत म्हणजे तमक्याला मत" हा प्रचारच बंद पडतो. पण ही पद्धत प्रमाणशीर आहे असं समजून कुणी मागणी करत असेल तर थांबा. २०२५ ला तिथे लेबरला पहिल्या पसंतीची ३४.६ टक्के मतं आणि १५० पैकी ९४ जागा, ग्रीन्सना १२ टक्क्यांत १. लहान पक्षाचा मतदार इथे समाधानी होतो पण त्याचा माणूस आत जात नाही.

म्हणून माझं मत, एकच पद भरायचं असेल तेव्हा ही उत्तम. सरपंच थेट निवडायचा, नगराध्यक्ष थेट निवडायचा, तिथे आत्ताच्या पद्धतीपेक्षा ही केव्हाही बरी. सभागृहासाठी मात्र हिचा उपयोग अर्धवट.

पक्षाची यादी: नेदरलँड्स, इस्रायल, तुर्कस्तान

हे दुसरं टोक. मत पक्षाला, जितके टक्के तितक्या जागा. नेदरलँड्समध्ये अख्खा देश एकच मतदारसंघ, १५० जागा, त्यामुळे ०.६७ टक्के मतं मिळाली की एक जागा पक्की. २०२१ ला सतरा पक्ष निवडून आले आणि सरकार बनायला २९९ दिवस लागले. तरी तिथला कारभार काही बंद पडला नाही, डच लोकांना त्याची सवय आहे, पण आपल्याकडे २०१९ च्या त्या महिन्याभरात काय काय झालं ते आठवा, पहाटेचा शपथविधी वगैरे, आणि २९९ दिवस मनात आणून बघा. रिसॉर्टवाल्यांचं सोनं होईल.

म्हणून बहुतेक देश उंबरठा ठेवतात, म्हणजे इतके टक्के नसतील तर शून्य. आणि सगळी मेख त्या उंबरठ्यात आहे हे कुणी नीट सांगत नाही. तुर्कस्तानात तो १० टक्के होता. २००२ ला फक्त दोन पक्ष तो ओलांडू शकले, एर्दोगान यांच्या एकेपीला ३४ टक्के मतांत ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या आणि देशातली जवळजवळ ४६ टक्के मतं कुठल्याच खासदारात बदलली नाहीत. कागदावर ही प्रमाणशीर पद्धत बरं का! (२०२२ मध्ये त्यांनी उंबरठा ७ वर आणला.) इस्रायलमध्ये तो सव्वातीन टक्के, २०२२ ला मेरेट्झ पक्ष ३.१६ वर अडकला आणि बाहेर, तिकडे दोन-चार जागांवर सरकार ठरतं.

हेच आपल्या विधानसभेला लावून बघू. नुसतं गणित आहे, कारण पद्धत बदलली तर पक्ष वेगळे लढतील आणि लोक पण वेगळं मत देतील. २८८ जागा, उंबरठा नाही, तर महायुतीच्या तीन पक्षांना ४८.१६ टक्क्यांवर साधारण १३९. बहुमताला १४५ लागतात, म्हणजे सहा कमी, म्हणजे चार-दोन छोटे पक्ष आणि अपक्ष यांच्या हातात चाव्या. आता ५ टक्के उंबरठा लावा. सहा मोठे पक्ष सोडून बाकी सगळे बाद, उरलेल्या ८१-८२ टक्क्यांत वाटणी, आणि महायुती थेट १७० च्या आसपास, मविआ ११८. मतं तीच, पद्धतही तीच, फक्त एक आकडा बदलला आणि काठावरचं सरकार भक्कम झालं. प्रत्यक्षात मिळाल्या २३०. तेव्हा "प्रमाणशीर आणा" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा, उंबरठा किती? उत्तर नसेल तर त्याने अजून विचार केलेला नाही.

यादीचा दुसरा त्रास आपल्याला जास्त जाणवेल. यादी कोण बनवणार? पक्षाध्यक्ष. आत्ता निदान उमेदवाराला गावात तोंड दाखवावं लागतं, यादीत वरचा नंबर मिळाला की तेही नको, फक्त बंगल्यावर हजेरी लावली की झालं. आपल्या पक्षांमध्ये अंतर्गत निवडणुका कशा होतात ते सगळ्यांना माहितीये. त्यामुळे नुसती यादी पद्धत महाराष्ट्राला नको असं माझं स्पष्ट मत.

एक गोष्ट मात्र यादीच्या बाजूने फार जड आहे, बायका आणि छोटे समाज. यादीत आलटून पालटून नावं घालायला लावता येतात. ते पुढे नेपाळमध्ये बघू.

संमिश्र: न्यूझीलंड, जर्मनी, नेपाळ

मला सगळ्यात रस या गटात आहे. मतदाराला दोन मतं. एक मतदारसंघातल्या माणसाला, एक पक्षाला.

न्यूझीलंडची गोष्ट आधी, कारण ते आपल्यासारखेच ब्रिटिश पद्धतीतून आले. १९७८ आणि १९८१, लागोपाठ दोनदा असं झालं की लेबर पक्षाला मतं जास्त पण जागा नॅशनल पक्षाला जास्त. १९८१ ला सोशल क्रेडिट नावाच्या पक्षाला वीस टक्क्यांच्या वर मतं आणि जागा दोन. लोक वैतागले, रॉयल कमिशन बसलं, १९८६ ला अहवाल आला, १९९२ आणि १९९३ ला दोन सार्वमतं झाली आणि १९९६ पासून नवी पद्धत सुरू. २०११ ला पुन्हा विचारलं की ठेवायची का, तर ५७.८ टक्के लोक हो म्हणाले.

तिथलं गणित असं, सभागृहात तुमच्या एकूण जागा पक्षाच्या मतांवर ठरतात. समजा १२० पैकी ३० वाट्याला आल्या आणि मतदारसंघांत तुम्ही १८ जिंकल्या, तर १२ यादीतून भरायच्या. म्हणजे आपला आमदार पण राहिला आणि एकूण हिशोबही जुळला. जास्त करून आघाडी सरकारं येतात, एका पक्षाचं पूर्ण बहुमत २०२० ला एकदाच आलं, पण सरकारं टिकतात. संसदेत बायकांचं प्रमाण निम्म्यावर २०२२ मध्ये पोचलं. माओरींसाठी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, वेगळे मतदारसंघ आहेत ती सोय जुनीच, ती तशीच ठेवली. तिकडे ऑकलंडला राहणारे आपले मराठी लोक नागरिक नसले तरी कायमचा रहिवास मिळून वर्ष राहिले असले की मत देऊ शकतात, त्यांना विचारा, दोन मतं देणं काही अवघड नाही असंच सांगतील.

खोट आहेच. उंबरठा ५ टक्के किंवा एक मतदारसंघ. २००८ ला न्यूझीलंड फर्स्टला ४.०७ टक्के मतं आणि जागा शून्य, तर ॲक्ट पक्षाला ३.६५ टक्के आणि जागा पाच, कारण त्यांनी एप्सम हा एक मतदारसंघ जिंकला होता. आपल्याकडे असा नियम आला तर दुसऱ्या दिवशी सगळे पक्ष एकेक बालेकिल्ला पकडून बसतील आणि मोठा पक्ष छोट्या मित्राला एक जागा "सोडेल". जागावाटपाचं भांडण संपणार नाही, फक्त दुसऱ्या खोलीत जाईल.

जर्मनीत अडचण वेगळी झाली. मतदारसंघांत जास्त जिंकल्या तर बाकीच्यांना भरपाईच्या जागा द्यायच्या, असं करत करत २०२१ ला बुंडेस्टाग, म्हणजे तिथली संसद, ७३६ जणांची झाली. मग कायदा बदलून ६३० वर आणली, पण त्याची किंमत अशी की २०२५ ला २३ जण आपल्या मतदारसंघात पहिले येऊनही संसदेत गेले नाहीत. पहिला आलेला घरी! हे आपल्याकडे करून बघा, तालुका पेटेल. त्याच निवडणुकीत बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर थांबला, साडेनऊ हजारांच्या आसपास मतं कमी पडली, आणि उंबरठ्याखालच्या सगळ्यांची मिळून चौदा टक्क्यांच्या आसपास मतं वाया गेली.

नेपाळ आपल्याला सगळ्यात जवळचा. २७५ जागा, १६५ आपल्यासारख्या थेट आणि ११० यादीतून. दोन्ही हिशोब वेगळे, न्यूझीलंडसारखी भरपाई नाही, त्यामुळे मोठ्या पक्षाचा फायदा कमी होतो पण पुसला जात नाही. २०२२ ला पक्षाच्या मतांत एमाले हा कम्युनिस्ट पक्ष पहिला आणि एकूण जागांत नेपाळी काँग्रेस पहिली, असंही झालं. पण बघण्यासारखं ते वेगळंच आहे. यादीत दलित, आदिवासी जनजाती, मधेशी, थारू, मुस्लिम, खस आर्य असे वाटे ठरलेले आणि संसदेत एक तृतीयांश बायका असायलाच हव्यात. आता थेट १६५ जागांतून बायका किती आल्या? २०१७ ला सहा, २०२२ ला नऊ. बाकी सगळ्या यादीतून. म्हणजे थेट लढतीत तिकीटच द्यायचं नाही आणि यादीने कोटा भरायचा. आपल्या महिला आरक्षणात, २०२३ च्या घटनादुरुस्तीत, जागाच राखीव आहेत, त्यामुळे बाई थेट लोकांतून निवडून येईल आणि तिचा स्वतःचा मतदारसंघ असेल, ते मला जास्त पटतं. फक्त राखीव जागा फिरत राहिल्या तर पाच वर्षं काम करून पुढच्या वेळी वॉर्डच हातात नाही, हे आपल्या महापालिकांतल्या नगरसेविकांना चांगलं माहितीये.

आपल्या विधी आयोगाने पण १९९९ मध्ये, १७० व्या अहवालात, लोकसभेत २५ टक्के जागा वाढवून त्या यादीने भरा असं सुचवलं होतं. ते कपाटात आहे.

एका प्रभागात अनेक जागा आणि पसंतीक्रम: आयर्लंड, राज्यसभा

सरकारी भाषेत एकल संक्रमणीय मत, बाकी सगळे एसटीव्ही म्हणतात. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडतात, मतदार १, २, ३ लिहितो. ठरलेला कोटा पूर्ण झाला की माणूस निवडून आला, त्याची कोट्यापेक्षा जास्तीची मतं पुढच्या पसंतीला जातात, तळातला बाद झाला की त्याचीही जातात.

अवघड वाटतं? जून २०२२ ची राज्यसभा आठवा, तुम्ही टीव्हीवर रात्रभर हेच बघितलंय. सहा जागा, सात उमेदवार, कोटा साधारण ४१. पहिल्या पसंतीत पियुष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, धनंजय महाडिक २७ आणि शिवसेनेचे संजय पवार ३३. महाडिक मागे होते. पण गोयल-बोंडेंची कोट्यावरची सात-सात मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे आली आणि ते पवारांच्या पुढे गेले. तेव्हा लोक म्हणाले फडणवीसांनी चमत्कार केला, अपक्ष फुटले ते खरंच, पण आकड्यांची जुळणी ही या पद्धतीची नेहमीची चाल आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात तर साधे मतदारही ती वापरतात, आयोगाच्या जांभळ्या पेनाने आकडे लिहून.

हिची ताकद अशी की यादी नाही, पक्षाध्यक्षाचा नंबर नाही, मतदारच ठरवतो की पक्षातला कुठला माणूस. आणि जवळजवळ प्रत्येकाचं मत कुठेतरी लागतं. आयर्लंडमध्ये सरकारने १९५९ आणि १९६८ असं दोनदा ती काढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा लोकांनी सार्वमतात नाही म्हटलं. तोटे पण आहेत, मोजणी दिवसेंदिवस चालते आणि एकाच पक्षाचे दोघे एकमेकांच्या मुळावर येतात (ते आपल्याकडे तसंही असतं). शिवाय मतदारसंघ कसे आखले त्यावर ती पण फसू शकते, माल्टामध्ये १९८१ ला नॅशनलिस्ट पक्षाला ५०.९ टक्के मतं आणि जागा ३१, लेबरला ४९.१ टक्के आणि जागा ३४.

इथे मुंबईचा एक जुना धडा सांगायलाच हवा. पुणे करारानंतर १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात अनेक जागांचे मतदारसंघ होते आणि जितक्या जागा तितकी मतं एका मतदाराला, ती सगळी एकाच उमेदवाराला टाकायची मुभा. बाबासाहेब या पद्धतीच्या बाजूचे होते, कारण संख्येने कमी असलेला समाज आपली सगळी मतं एका माणसामागे उभी करू शकतो. ते भायखळा-परळमधून निवडून आले, समोर काँग्रेसने उभे केलेले क्रिकेटपटू पाळवणकर बाळू होते. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा जागा लढवून चौदा जिंकल्या. १९५२ ला उत्तर मुंबई लोकसभा, पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, पुन्हा दोन मतं, पण आता नियम बदललेला, दोन्ही मतं एकाला देता येत नाहीत. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले आणि बाबासाहेब पडले. आता पराभवाचं कारण फक्त पद्धत असं मी म्हणणार नाही, पंधरा वर्षांत सगळं राजकारण बदललं होतं, काँग्रेसची लाट होती. पण राखीव जागेवर कोण जाणार हे ठरवायची ताकद नियमाच्या एका ओळीने त्या समाजाच्या हातून काढून बाकीच्या मतदारांकडे दिली, एवढं नक्की.

आणि याचंच उलटं टोक म्हणजे आपली पॅनेल पद्धत. साखर कारखान्याची निवडणूक बघा, जितक्या जागा तितके शिक्के, कपबशी म्हणजे कपबशी वरपासून खालपर्यंत. ५२ टक्केवालं पॅनेल सगळे संचालक घेऊन जातं आणि ४८ टक्के सभासदांचा एक माणूस आत नाही. मग सर्वसाधारण सभेत खुर्च्या फेकतात, आत बोलायला कुणीच नसल्यावर बाहेरच बोलणार ना.

मग ठरवायचं कसं

मी असं बघतो. तुम्हाला पक्कं सरकार आणि ओळखीचा आमदार एवढंच हवं असेल, आणि पसरलेल्या छोट्या पक्षाची मतं वाया गेली तरी चालत असेल, तर आहे ती पद्धत ठेवा, खोटं बोलायला नको. मतविभाजनाचाच फक्त वैताग असेल तर पसंतीक्रम पुरे. टक्के आणि जागा जुळल्याच पाहिजेत असं असेल तर न्यूझीलंडसारखी संमिश्र, उंबरठा तीन टक्क्यांच्या आसपास, आणि एक मतदारसंघ जिंकला की आत हा दरवाजा बंद. विधानसभेसाठी माझं मत यालाच. पण त्याला राज्यघटना बदलावी लागेल आणि ज्यांनी बदलायची ते आहे त्याच पद्धतीने जिंकून आलेले आहेत, तेव्हा माझ्या हयातीत बघायला मिळेल असं काही मी धरून बसलेलो नाही.

महापालिकेचं मात्र वेगळं आहे, तिथे अर्धं घर बांधून झालेलं आहे. मुंबई सोडली तर प्रभाग पद्धत आहेच. पुण्यात २००७ ला एक सदस्य, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, मग मविआने तीन केले, मग शिंदे सरकारने परत चार, आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक चारच्या प्रभागांत झाली. प्रत्येक सरकार आकडा बदलतं आणि मतदानाची रीत कुणीच बदलत नाही. अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती, चार बटणं. समजा प्रभागात वीस हजार मतं पडली, एका पक्षाची ९०००, दुसऱ्याची ६६००, तिसऱ्याची ४४००. लोकांनी पक्ष धरून बटणं दाबली तर आज ४५ टक्केवाला चारही जागा घेतो. म्हणजे प्रभाग मोठा करून मतदाराचा नगरसेवक लांब गेला आणि बदल्यात प्रतिनिधित्व काहीच वाढलं नाही, दोन्हीकडून तोटा. तिथेच एसटीव्ही लावा, कोटा होतो ४००१, पहिल्या पक्षाचे दोन, बाकी दोघांचा एकेक. कुठल्याही वस्तीतल्या माणसाला आपल्या मताचा निदान एक नगरसेवक सापडतो.

आरक्षणाचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर उत्तर पण आहे. चारपैकी दोन बायका असायला हव्यात तर मोजणीत दोन पुरुष निवडून आले की उरलेले पुरुष बाद धरायचे आणि त्यांची मतं पुढच्या पसंतीला. अनुसूचित जाती, ओबीसी जागांनाही तसंच. मोजणी किचकट होते, पण कॉम्प्युटर आहे. मशीन मात्र आत्ताचं चालणार नाही, पसंतीक्रम घेणारं लागेल किंवा कागद. आणि कायदा राज्याच्या हातातला आहे, महापालिका निवडणुकांचे नियम विधिमंडळ करतं, दिल्लीला जायची गरज नाही.

ज्यांना एवढं मोठं काही ठरवायचं नाहीये, फक्त सोसायटीच्या किंवा गावच्या मंडळाच्या कमिटीचा वाद मिटवायचाय, त्यांच्यासाठी: जिथे कायद्याने रीत ठरवून दिलेली आहे तिथे ती पाळावी लागेल, पण मंडळाची घटना तुमचीच असेल तर कमिटी एसटीव्हीने निवडा आणि अध्यक्ष साध्या पसंतीक्रमाने. सात जणांची कमिटी असेल तर पडलेल्या मतांना आठने भागा, वर एक मिळवा, तो कोटा. चिठ्ठ्यांवर १, २, ३, टेबलावर ढीग, आणि मोजायला दोन्ही गटांचा एकेक माणूस बसवा.